तिशी ओलांडलेला स्कोअरर ठेवावा की ट्रेड करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये ट्रेडची, म्हणजे संघांनी खेळाडू एकमेकांना देण्या-घेण्याची, कुजबुज सुरू होते आणि फेब्रुवारीतल्या डेडलाइनपर्यंत तिचा गोंगाट होतो. त्यात एक नाव हमखास असतं: वय ३२-३३, सात-आठ वर्षं एकाच जर्सीत, आणि अजूनही सामन्याला वीस-पंचवीस गुण. संघ मात्र धड वर नाही, धड खाली नाही. 'विकून टाका' म्हणणारे आणि 'हात लावाल तर खबरदार' म्हणणारे दोघंही तेच आकडे पुढे करून भांडतात. त्या भांडणात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं अर्थातच एकाच माणसाची आहेत. पटली नाहीत तर भांडण चालू ठेवायला हरकत नाही.

सुरुवात कुठून करायची? त्याच्या आकड्यांपासून?

नाही, संघापासून. पुढच्या दोन मोसमांत हा संघ विजेतेपदाच्या शर्यतीत असेल का, याचं उत्तर आधी द्यायचं, आणि तेही खरं द्यायचं. उत्तर 'हो' असेल तर बहुतेक वेळा चर्चा तिथेच संपते, कारण प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, चौथ्या क्वार्टरमध्ये स्वतःच्या जोरावर बास्केट काढणारा माणूस बाजारात सहज मिळत नाही. उत्तर 'नाही' असेल तर त्याचे उरलेसुरले चांगले मोसम तुमच्याकडे फुकट जाणार आहेत, मग तो तीस गुण का करेना.

घोळ होतो तो मधल्या संघांचा. सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना प्ले-इनचं, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यांचं, दार उघडं झाल्यापासून नववा संघसुद्धा एप्रिलपर्यंत 'आम्ही अजून आहोत' म्हणू शकतो. लीगला ते हवंच आहे, तिकिटं खपतात. पण नवव्या क्रमांकावर असणं ही शर्यत नव्हे, आणि सौदे ठरवणाऱ्या जनरल मॅनेजरला हे कळत असूनही मालकाला सांगणं जड जातं.

सामन्याला पंचवीस गुण करणारा खेळाडू कोणी विकतं का?

पंचवीस गुण किती फेकांत झाले, हे आधी बघा. त्यासाठी ट्रू शूटिंग नावाचं माप आहे: एकूण गुणांना, मैदानी फेका अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फेका), या बेरजेच्या दुपटीने भागायचं. एकाने २२ फेका आणि ५ फ्री थ्रो घेऊन २५ गुण केले, तर त्याचं माप येतं सुमारे ५१.७ टक्के. दुसऱ्याने १७ फेका आणि ७ फ्री थ्रोमध्ये तेवढेच गुण केले, तर ६२ टक्क्यांच्या वर. अलीकडच्या मोसमांत लीगची सरासरी ५७-५८ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे स्कोअरबोर्डवर दोघं सारखे दिसतात, पण पहिला संघाला मागे ओढतोय आणि दुसरा पुढे नेतोय.

दुसरी गोष्ट, चेंडू किती वेळ त्याच्या हातात असतो. दुबळ्या संघात कोणीतरी गुण करणारच. आक्रमणातला प्रत्येक तिसरा चेंडू ज्याच्या हातून संपतो, त्याचे गुण वाढतात आणि शेजारच्या बावीस वर्षांच्या पोराचे खुंटतात. तो पोरगा पुढे काय होऊ शकतो हे तुम्हाला कळतच नाही, हा तोटा कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

तिसरी गोष्ट बचाव. नियमित मोसमात तो झाकता येतो. प्लेऑफमध्ये समोरचा संघ तुमचा सगळ्यात कच्चा बचावपटू हेरतो, स्क्रीन लावून लावून, म्हणजे शरीराने वाट अडवून, आपल्या सर्वोत्तम खेळाडूसमोर त्यालाच आणून उभा करतो, आणि हे सात सामने चालतं.

त्याचे गुण तर कमी झालेले नाहीत, मग बाजारात किंमत का पडते?

कारण बाजार झालेल्या गुणांचे पैसे देत नाही, उरलेल्या वर्षांचे देतो. याला केव्हिन ड्युरंटपेक्षा चांगलं उदाहरण मला सापडत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रुकलिनने त्याला फीनिक्सकडे दिलं, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता आणि त्या मोसमानंतर करार आणखी तीन वर्षं होता. ब्रुकलिनला मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, पहिल्या फेरीच्या चार बिनशर्त पिक्स (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू निवडण्याचे हक्क) आणि वर एक पिक अदलाबदलीचा हक्क (आपली पिक देऊन त्यांची जास्त चांगली पिक घेण्याचा) मिळाला. २०२५ च्या उन्हाळ्यात फीनिक्सने त्यालाच ह्यूस्टनला दिलं. हाती आले जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, त्या ड्राफ्टची दहावी पिक आणि दुसऱ्या फेरीच्या पाच पिक्स.

मधल्या काळात ड्युरंट ढासळला होता का? २०२३-२४ मध्ये सरासरी २७.१ गुण, २०२४-२५ मध्ये २६.६. ढासळला तो नाही. करारात एकच वर्ष उरलं होतं, छत्तिशी उलटली होती, आणि फीनिक्सला त्याला हलवायचंय हे सगळ्या लीगला ठाऊक होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की विकायचं ठरलंच, तर खेळ घसरायची वाट बघत बसू नये. करारात दोन वर्षं बाकी आहेत आणि चाहते अजून 'विका' म्हणत नाहीत, तोवरच चांगला भाव येतो. लोक 'विका' म्हणायला लागले की समजावं, समोरच्या जनरल मॅनेजरला ते आधीच कळलंय.

वय नेमकं कुठे दिसायला लागतं?

शूटिंगमध्ये सगळ्यात शेवटी. म्हणूनच फसगत होते. आधी जातो तो पहिल्या पावलाचा वेग. मग रिंगपर्यंतच्या धडका कमी होतात, पाठोपाठ फ्री थ्रो कमी होतात, आणि त्यांची जागा मिडरेंजमधल्या, म्हणजे रिंग आणि तीन गुणांची रेषा यांच्या मधल्या, अवघड फेका घेतात. अवघड फेका घालणारा खेळाडू बघायला फार छान वाटतो, आणि गुण जवळपास तेवढेच राहतात. पण सामन्याला सात-आठ फ्री थ्रो घेणारा खेळाडू दोन वर्षांत चारवर आला असेल, तर त्याच्या पायांनी आधीच काय ते सांगितलेलं असतं. सलग दोन रात्री सामने असले की दुसऱ्या रात्री तो बसतो का, तेही बघावं. डर्क नोविट्झकीसारखे उंच, मागे झुकून फेक घेणारे खेळाडू जास्त टिकतात. धडकांवर जगणारे लवकर थकतात. चाळिशीपर्यंत टिकलेल्या लेब्रॉन जेम्सकडे बोट दाखवून धोरण आखू नये.

सॅलरी कॅपचं गणित सोप्या भाषेत सांगाल?

कॅप म्हणजे संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेली मर्यादा. २०२५-२६ ची कॅप सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. दहा किंवा जास्त वर्षं खेळलेल्या खेळाडूला नव्या कराराच्या पहिल्या वर्षी कॅपच्या ३५ टक्क्यांपर्यंत पगार मिळू शकतो, म्हणजे ५ कोटी ४१ लाखांच्या आसपास. एका माणसावर एवढं गेलं की बाकीच्या चौदांसाठी काटकसर आली.

पूर्वी श्रीमंत मालक जास्त पगारांवरचा लक्झरी टॅक्स भरून मोकळे होत. लीग आणि खेळाडूंच्या २०२३ च्या सामूहिक करारापासून तसं राहिलेलं नाही. टॅक्सच्या रेषेच्या वर दोन 'एप्रन', म्हणजे आणखी कडक मर्यादा, आहेत. २०२५-२६ मध्ये दुसरा सुमारे २० कोटी ७८ लाखांवर आहे. तो ओलांडलेल्या संघाला ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, दिला त्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची पिक गोठवली जाते. पैसे असूनही हात बांधलेले. त्यामुळे महागड्या ज्येष्ठ खेळाडूला घेऊ शकणारे संघच मोजके उरतात. ठेवायचा की विकायचा याआधी 'घेणार कोण' हा प्रश्न आता विचारावाच लागतो.

त्याच्या करारात आणखी काय बघायचं?

शेवटचं वर्ष. आजचा खेळ नव्हे, कराराच्या शेवटच्या वर्षीचा खेळ त्या पगाराला शोभेल का?

मिलवॉकीने सप्टेंबर २०२३ मध्ये डेमियन लिलार्डला आणलं. दोन्ही मोसमांत पहिल्याच फेरीत इंडियानाकडून हार झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याचं टाचेवरचं अ‍ॅकिलीस फाटलं. त्या उन्हाळ्यात मिलवॉकीने त्याला मुक्त केलं आणि उरलेले सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर पाच वर्षांत विभागून घेतले. तो मायल्स टर्नर या नव्या खेळाडूसाठी जागा करण्याचा मार्ग होता, पण त्याची किंमत म्हणजे संघात नसलेल्या माणसासाठी दरवर्षी सव्वादोन कोटी. लिलार्ड काही दिवसांत पोर्टलंडला परतला, ज्या पोर्टलंडने त्याला विकलं होतं तिथेच.

बदल्यात काय मागावं?

चार प्रकारचा माल असतो: तरुण खेळाडू, ड्राफ्ट पिक्स, संपत आलेले करार, आणि दुसरा एखादा ज्येष्ठ खेळाडू. त्यात संपत आलेल्या करारांना मी सगळ्यात कमी भाव देतो. त्यातून मिळते ती कॅपमधली मोकळी जागा, आणि मोकळी जागा बास्केट घालत नाही. डेट्रॉइटने नोव्हेंबर २००८ मध्ये चॉन्सी बिलप्सला डेन्व्हरकडे देऊन अ‍ॅलन आयव्हरसन घेतला, त्यात आयव्हरसनच्या संपणाऱ्या कराराचा मोठा वाटा होता. त्याआधी सलग सहा वर्षं पूर्व विभागाची अंतिम फेरी गाठणारा संघ त्या मोसमात ३९-४३ वर आला. पुढच्या उन्हाळ्यात मोकळ्या झालेल्या पैशांतून बेन गॉर्डन आणि चार्ली व्हिलानुएव्हा आले, आणि डेट्रॉइटचे वाईट दिवस सुरू झाले. डेन्व्हर बिलप्सला घेऊन २००९ मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत खेळलं.

पिक्स घेताना दोन गोष्टी बघाव्यात: अटी आहेत का, आणि किती दूरच्या आहेत. 'पहिल्या पाचात आली तर आमचीच' अशा अटी असलेली पिक चांगली निघायच्या नेमक्या वेळी हातून निसटते. सलग दोन भावी वर्षं पहिल्या फेरीच्या पिकविना राहायला स्टेपियन नियमाने मनाई आहे, त्यामुळे संघ एक वर्षाआड पिक्स देतात आणि मधल्या वर्षांच्या अदलाबदलीचा हक्क देतात. चाहते त्या अदलाबदलीकडे फारसं लक्ष देत नाहीत, पण तीच कधीकधी जॅकपॉट ठरते.

बॉस्टनने २०१३ मध्ये नेमकं हेच केलं. पंधरा मोसम बॉस्टनमध्ये काढलेला ३५ वर्षांचा पॉल पिअर्स, ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि जेसन टेरी ब्रुकलिनला गेले. बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ च्या पहिल्या फेरीच्या पिक्स आल्या, आणि २०१७ च्या अदलाबदलीचा हक्क. ब्रुकलिनने पहिल्या वर्षी ४४ सामने जिंकले, दुसऱ्या फेरीत मायामीकडून हार झाली, आणि पिअर्स वर्षभरात निघून गेला. २०१६ ची पिक तिसरी आली: जेलन ब्राउन. २०१६-१७ मध्ये ब्रुकलिन ६२ सामने हरलं आणि अदलाबदलीची पिक थेट पहिली लागली. बॉस्टनने ती फिलाडेल्फियाला देऊन तिसरी पिक आणि वर आणखी एक पिक घेतली, आणि जेसन टेटमला निवडलं. २०२४ चं विजेतेपद याच दोघांनी आणलं. पिअर्स बॉस्टनमध्ये राहिला असता तर निरोपाचा सोहळा छान झाला असता.

ठेवून भलं झाल्याची उदाहरणं आहेत की नाहीत?

आहेत, आणि भक्कम आहेत. २००७ मध्ये डॅलसने ६७ सामने जिंकले, डर्क एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला, आणि पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटने त्यांना घरी पाठवलं. डर्क मोठ्या सामन्यांत दबतो, हा शिक्का तेव्हा बसला. डॅलसने त्याला ठेवलं, भोवतीचा संघ बदलत राहिले, आणि २०११ मध्ये ३२ वर्षांच्या डर्कने मायामीला हरवून विजेतेपद आणलं. पुढे २०१४ मध्ये तो तीन वर्षांसाठी अवघ्या अडीच कोटी डॉलरवर थांबला. ज्येष्ठ खेळाडू ठेवायचा तर असा ठेवावा: भूमिका कमी, पगारही कमी, आणि दोन्ही बाजूंना ते मान्य.

कोबी ब्रायंटची गोष्ट जास्त शिकवते, कारण तिथे एकाच क्लबने एकाच खेळाडूबद्दल एक निर्णय उत्तम आणि एक वाईट घेतला. २००७ मध्ये त्याने जाहीरपणे ट्रेड मागितला. लेकर्सने दिला नाही, फेब्रुवारी २००८ मध्ये पाऊ गासोल आणला, आणि २००९ व २०१० ची विजेतेपदं आली. नोव्हेंबर २०१३ मध्ये, अ‍ॅकिलीसच्या दुखापतीतून तो परतायच्या आधीच, त्याला दोन वर्षांसाठी ४ कोटी ८५ लाख डॉलरची मुदतवाढ दिली. लेकर्सने तो मोसम धरून तीन मोसमांत २७, २१ आणि १७ सामने जिंकले. एप्रिल २०१६ मधल्या त्याच्या शेवटच्या सामन्यात ५० फेका आणि ६० गुण झाले. ती रात्र कोणी विसरणार नाही; पण ती विजेतेपदाच्या शर्यतीतली रात्र नव्हती.

आणि विकून पस्तावलेले?

अटलांटा, १९९४. पूर्व विभागात अव्वल असताना फेब्रुवारीत त्यांनी ३४ वर्षांचा डॉमिनिक विल्किन्स क्लिपर्सला देऊन डॅनी मॅनिंग घेतला. वयाच्या हिशेबाने सौदा शहाणपणाचा होता. पण मॅनिंगचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता. अटलांटा दुसऱ्या फेरीत इंडियानाकडून हरलं आणि मॅनिंग फीनिक्सला गेला. शर्यतीत असलेल्या संघाने आपला मुख्य स्कोअरर हलवणं, तेही काही महिन्यांच्या पाहुण्यासाठी, हे दुहेरी जोखमीचं आहे.

मग टोरोंटोने डेमार डीरोझन देऊन कवाय लेनर्ड घेतला, तेव्हा तेच केलं ना? तिथे कसं जमलं?

हो, जोखीम तशीच होती. कवाय लेनर्डच्या करारात एकच वर्ष पक्कं होतं, आणि २०१९ मध्ये तो गेलाही. फरक दोन. पहिला, टोरोंटोला स्वतःची कमाल कळली होती: २०१७-१८ मध्ये क्लबच्या इतिहासातले सर्वाधिक ५९ विजय, आणि तरीही सलग तिसऱ्या वर्षी क्लीव्हलंडकडून पराभव, त्यातले शेवटचे दोन ०-४. दुसरा, आलेला खेळाडू दिलेल्यापेक्षा स्पष्टपणे वरच्या दर्जाचा होता. डीरोझन तेव्हा तिशीचाही नव्हता, नऊ मोसम तिथे खेळला होता, आणि त्याचं दुखावणं खरं होतं. २०१९ चं विजेतेपदही खरं होतं. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

चाहत्यांच्या रागाचा विचार करावा का?

थोडा. मार्च २०१२ मध्ये गोल्डन स्टेटने मॉन्टा एलिसला विकून दुखापतग्रस्त अँड्र्यू बोगट आणला, तेव्हा जुना खेळाडू क्रिस मलिनची जर्सी निवृत्त करण्याच्या समारंभात मालक जो लेकबला प्रेक्षकांनी बोलूच दिलं नाही. एलिस गेल्यामुळे चेंडू स्टेफ करी आणि क्ले थॉम्पसनच्या हातात आला. २०१५ मध्ये विजेतेपद आलं तेव्हा त्या हुर्योची आठवण कोणी काढत नव्हतं. राग तात्पुरता असतो, पण खेळाडूला बातमी फोनवर आधी सांगणं, त्याने ती टीव्हीवर बघू नये एवढं पाहणं, हे पाळलंच पाहिजे. पुढचा मोठा खेळाडू ते लक्षात ठेवतो.

त्यानेच ट्रेड मागितला, आणि एकाच संघाचं नाव घेतलं तर?

ऐकून घ्यावं, पण बाजार बंद करू नये. लिलार्डला मायामी हवं होतं. पोर्टलंडने तीन महिने थांबून त्याला मिलवॉकीला पाठवलं. डीअँड्रे एटन, तूमानी कमारा, मिलवॉकीची २०२९ ची पिक, दोन अदलाबदली आणि ड्रू हॉलिडे मिळाले. हॉलिडेला लगेच बॉस्टनकडे वळवून आणखी दोन पहिल्या फेरीच्या पिक्स काढल्या.

करारात नो-ट्रेड कलम, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय ट्रेड न करण्याची अट, असेल तर मात्र सूत्रं त्याच्याच हाती. वॉशिंग्टनने २०२२ मध्ये ब्रॅडली बीलला पाच वर्षांचे २५ कोटी १० लाख डॉलर दिले आणि वर ते कलमही. वर्षभरात त्याला फीनिक्सला पाठवताना वॉशिंग्टनला एकही बिनशर्त पहिल्या फेरीची पिक मिळाली नाही. कलम त्याच्यासोबत फीनिक्सला गेलं, आणि २०२५ मध्ये फीनिक्सलाही तडजोड करून त्याला मोकळं करावं लागलं. हे कलम कोणालाही देऊ नये, असं माझं मत आहे.

तरुणांना शिकवायला म्हणून ठेवला तर?

शिकवायला बाकावरचा, कमी पगाराचा ज्येष्ठ खेळाडू पुरतो. वीस फेका घेणारा गुरू शिष्यांना चेंडू देत नाही.

काहीच न करता करार संपू दिला तर?

तर शिकागो होतं. टोरोंटोने विकलेला तोच डीरोझन २०२१ मध्ये तिथे आला, पहिल्या मोसमात २७.९ ची सरासरी काढली, आणि त्या उन्हाळ्यात त्याची किंमत बहुधा सर्वाधिक होती. संघ पुढच्या दोन मोसमांत ४०-४२ आणि ३९-४३ राहिला; दोन्ही वेळा प्ले-इनमध्ये मायामीकडून हरला; दोन्ही फेब्रुवारींत त्याला हलवलं नाही. २०२४ मध्ये तो साइन-अँड-ट्रेडने (नवा करार करून लगेच ट्रेड) सॅक्रामेंटोला गेला, तेव्हा शिकागोच्या हाती क्रिस दुआर्ते, दुसऱ्या फेरीच्या दोन पिक्स आणि थोडी रोकड लागली. विकण्याचा निर्णय चुकू शकतो, ठेवण्याचाही चुकू शकतो. पण इथे निर्णयच झाला नाही, दोन वर्षं.

डेडलाइनला विकावा की उन्हाळ्यात?

फेब्रुवारीत घेणारे कमी असतात पण घायकुतीला आलेले असतात. उन्हाळ्यात घेणारे जास्त आणि त्यांना कॅपमध्ये फेरफार करायलाही वाव असतो. पगार मोठा असेल तर उन्हाळा बरा. करार त्याच वर्षी संपत असेल तर फेब्रुवारीनंतर तुमच्याकडे विकण्यासारखं फारसं राहत नाही.

ठोस सांगा: वय ३३, सरासरी २३ गुण, करारात दोन वर्षं, संघ नवव्या क्रमांकावर. तुम्ही काय कराल?

विकेन. एक बिनशर्त पहिल्या फेरीची पिक आणि चोविशीच्या आतला, रोटेशनमध्ये (नियमित खेळणाऱ्यांत) बसणारा एक खेळाडू, एवढ्यावर हो म्हणेन. पिकवर हलकी अट असेल तर अदलाबदलीचा एक हक्क वर मागेन. समोरून फक्त संपणारे करार आणि दुसऱ्या फेरीच्या पिक्स आल्या, तर फेब्रुवारीत नाही म्हणेन, त्याची मिनिटं तीसच्या आत आणेन, तरुणांच्या हाती चेंडू देईन आणि जूनमध्ये ड्राफ्टच्या आठवड्यात पुन्हा फोन फिरवेन. त्या उन्हाळ्यात मुदतवाढ मात्र देणार नाही, तो कितीही गोड बोलला तरी.